नवा माल, जुनं दुकान आणि मोबाइलमधला भाव

तासगावच्या एका वितरकाने सकाळी सकाळी माझ्यापुढे मोबाइल धरला होता, ती सकाळ मला अजून आठवते. मी तेव्हा सांगली-सातारा पट्ट्यात एका खाद्यपदार्थांच्या कंपनीचं विक्रीचं काम बघत होतो. आमचं नवीन बिस्किट बाजारात येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. या शेठजींनी स्वतः सेल्समनच्या गाडीवर मागे बसून शंभरेक दुकानांत ते ठेवलं होतं. "चाललं नाही तर मी परत घेतो, काळजी करू नका," असा शब्दही दुकानदारांना दिला होता. त्या सकाळी एका किराणा दुकानदाराने त्यांना घरपोच किराणा देणाऱ्या ॲपवरच्या भावाचा फोटो पाठवला. शेठजींनी दुकानदाराला ज्या भावाने माल दिला होता, त्याहून स्वस्तात तो ॲपवर थेट गिऱ्हाइकाला मिळत होता.

"साहेब, मी चोर ठरलो की हो," एवढंच ते म्हणाले.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाव मी ठरवला नव्हता, त्यांनीही ठरवला नव्हता. कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात ॲपचं काम बघणारा माणूस वेगळा आणि वितरकांचं बघणारा वेगळा. दोघांनी आपापलं काम चोख केलं होतं, आणि दोघांच्या मधे तासगाव सापडलं होतं.

विक्रीच्या धंद्यात याला चॅनल कॉन्फ्लिक्ट म्हणतात. चॅनल म्हणजे माल कंपनीतून निघून गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंतची वाट. एक वाट वितरक आणि किराणा दुकानाची. दुसरी मोठ्या मॉलमधल्या दुकानांची. तिसरी ऑनलाइन, त्यातही दहा-पंधरा मिनिटांत घरपोच देणाऱ्यांची आता स्वतंत्र वाट झाली आहे. चौथी म्हणजे कंपनीचं स्वतःचं संकेतस्थळ. एकच माल दोन वाटांनी एकाच गिऱ्हाइकाकडे निघाला, आणि एका वाटेवरच्या माणसाला दुसरी वाट आपलं पोट मारते असं वाटायला लागलं, की भांडण सुरू होतं. शेजारच्या तालुक्यातल्या वितरकाने आपल्या हद्दीत माल घुसवला तरी तेच होतं. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण त्याचं मूळ जरा वेगळ्या ठिकाणी आहे.

जुन्या, चालू मालात ही कुरबुर बारमाही असते आणि बहुतेकांना तिची सवय झालेली असते. नवीन मालाच्या वेळी मात्र ती एकदम पेटते. असं का, हे कळायला थोडा हिशेब मांडावा लागेल.

समजा, सांगलीतली एक छोटी कंपनी नाचणीचं बिस्किट काढते. पुड्यावर एमआरपी ६० रुपये. जीएसटी वगैरे सध्या बाजूला ठेवू. वितरकाला पुडा साडेशेहेचाळीस रुपयांना पडतो, तो दुकानदाराला ५० ला देतो आणि दुकानदार ६० ला विकतो. वितरकाला पुड्यामागे साडेतीन रुपये सुटतात. त्याने ३०० दुकानांत प्रत्येकी १२ पुड्यांचा एक बॉक्स ठेवला, म्हणजे एकूण ३,६०० पुडे झाले. त्यात त्याचे १,६७,४०० रुपये अडकले. सगळा माल खपला आणि सगळी उधारी वसूल झाली, तर हातात येणार १२,६०० रुपये. त्यातूनच टेम्पोचं डिझेल, हमाली, गोडाऊनचं भाडं, फुटलेले पुडे आणि दोन-तीन आठवडे उधारीत अडकलेल्या पैशांचं व्याज भागवायचं. सेल्समनचा एका महिन्याचा पगारही यातून धड निघत नाही.

मग वितरक हे करतो कशासाठी? दुसऱ्या ऑर्डरसाठी. पहिल्या खेपेला सेल्समनला दुकानदाराची समजूत घालावी लागते. काउंटरवर जागा मागावी लागते. "नाचणीचं बिस्किट कोण खातं हो इथे?" या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं, आणि एखादा पुडा फोडून चाखायलाही द्यावा लागतो. मग दुकानदार येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "वहिनी, हे नवीन आलंय, पोरांना देऊन बघा." माल चालला, तर पुढच्या महिन्यात दुकानदार स्वतःच म्हणतो, "ते नाचणीचं दोन बॉक्स पाठवा." त्या ऑर्डरला सेल्समनचा वेळ लागत नाही, चाखायला पुडा फोडावा लागत नाही. वितरकाची कमाई तिथून सुरू होते. पहिली खेप ही त्याची पेरणी असते.

आणि नेमकं याच वेळी माल ॲपवर येतो. कंपनी ॲपला पुडा ४४ रुपयांना देते. यात लबाडी काही नाही. ॲपवाले एकाच गोडाऊनला मोठा माल उतरवून घेतात, तिथे गल्लोगल्ली टेम्पो फिरवावा लागत नाही, म्हणून कंपनीला तो भाव परवडतो. ॲप तो पुडा ४९ ला विकतं. दुकानदाराची खरेदी ५० ची, गिऱ्हाइकाची ४९ ची. दुकानात ज्या वहिनींनी पहिला पुडा घेतला, त्या दुसरा पुडा मोबाइलवर मागवतात. दुकानदार उरलेले पुडे परत घ्यायला सांगतो. वितरकाने शब्द दिलेला असतो, तो परत घेतो. पेरणी त्याने केली, कापणी भलत्यानेच केली.

माझं ठाम मत असं आहे की वितरकाचा राग ॲपच्या स्वस्ताईवर जितका असतो, त्याहून जास्त या गोष्टीवर असतो. मालाची ओळख करून देण्याचं काम कुणीतरी करतं, त्याला खर्च येतो, आणि तो खर्च भावात कुठेच दिसत नाही. ज्याने तो केला नाही, तो साहजिकच स्वस्त विकू शकतो. कंपनीने या कामाचा वेगळा मोबदला धरला नाही, तर पुढच्या नव्या मालाच्या वेळी वितरक मान डोलावेल, पहिला लॉट उचलेल, पण गाडीवर मागे बसून शंभर दुकानं फिरणार नाही. कंपनीला वाटेल, माल चांगला नव्हता.

हे सगळं आपल्याकडे रस्त्यावर येऊन घडलेलं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ऑल इंडिया कन्झ्युमर प्रॉडक्ट्स डिस्ट्रिब्युटर्स फेडरेशन या वितरकांच्या देशव्यापी संघटनेने मोठ्या कंपन्यांना सांगितलं की दुकानदारांना थेट ठोक माल देणाऱ्या जिओमार्ट, मेट्रो कॅश अँड कॅरी, उडान यांसारख्यांना जो भाव आणि ज्या स्कीम देता, त्याच आम्हालाही द्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आम्ही दुकानदाराला ८ ते १२ टक्के मार्जिन देऊ शकतो, हे लोक १५ ते २० टक्के देतात, मग दुकानदार आमच्याकडून कशाला घेईल? १ जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटचा माल टप्प्याटप्प्याने थांबवायला सुरुवात केली, पहिला नंबर मॅक्सफ्रेश टूथपेस्टचा लागला. तेव्हाचं भांडण दुकानदाराला माल कुणी द्यायचा यावर होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच संघटनेने ब्लिंकिट, झेप्टो आणि स्विगी इन्स्टामार्टच्या भावांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, तोवर भांडण गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत पोचलं होतं.

मोबाइलच्या धंद्यात तर ही गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. जुलै २०१४ मध्ये शाओमीने एमआय ३ हा फोन १३,९९९ रुपयांना भारतात आणला, तोही फक्त फ्लिपकार्टवर. शाओमीचा भारतात एकही जुना डीलर नव्हता. शब्द द्यायला आणि मोडायला कुणी नव्हतंच, त्यामुळे भांडणही झालं नाही. पुढे फक्त ऑनलाइनवर भागेना, तेव्हा शाओमीलाही दुकानांकडे यावं लागलं. २०१७ मध्ये बेंगळुरूत एमआय होम हे त्यांचं पहिलं दुकान उघडलं. सॅमसंगची गोष्ट उलटी. त्यांची दुकानांची घडी आधीपासून बसलेली होती आणि ऑनलाइन स्पर्धाही सोडून चालणार नव्हती. जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी गॅलेक्सी एम १० आणि एम २० आणले ते ॲमेझॉनवर आणि स्वतःच्या संकेतस्थळावर. ऑनलाइनसाठी मालिकाच वेगळी काढली. दुकानदारांनी त्यावरही कुरकुर केली, पण दुकानात ठेवलेल्या फोनचा भाव मोबाइलवर पडलेला दिसणं आणि दुसराच फोन मोबाइलवर विकला जाणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि २०२४ मध्ये दक्षिणेतल्या संघटित मोबाइल विक्रेत्यांच्या संघटनेने १ मेपासून वनप्लसची विक्री थांबवण्याचा इशारा दिला, तेव्हा त्यांच्या तक्रारीत अपुरं मार्जिन होतंच, शिवाय वॉरंटीचे क्लेम वेळेवर न मिळणं हेही होतं. क्लेमचा मुद्दा बातम्यांत मागे पडतो. पण वितरकाशी पाच मिनिटं बोललात, तर भावाच्या आधी तो थकलेल्या क्रेडिट नोटबद्दल, म्हणजे कंपनीने त्याच्या खात्यात जमा करायच्या पैशांच्या कागदाबद्दल बोलेल.

आता उपाय. पण त्याआधी दोन गोष्टी कायद्याच्या, कारण नव्या उद्योजकांना पहिल्यांदा नेमक्या याच दोन वाटा सुचतात आणि दोन्ही बंद आहेत.

पहिली: "दुकानासाठी एमआरपी ६०, ॲपसाठी ५५ छापू." हुबेहूब त्याच पॅकबंद मालावर दोन वेगळ्या एमआरपी छापायला वैधमापन (वजन-मापांच्या) नियमांनी १ जानेवारी २०१८ पासून मनाई केली आहे. दुसरी: "सगळ्यांकडून लिहून घेऊ की ५८ च्या खाली कुणी विकायचं नाही." एमआरपीच्या वर विकणं गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण अमुक भावाच्या खाली विकू नका अशी सक्ती करणंही अंगाशी येऊ शकतं, हे फार जणांना माहीत नसतं. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३(४) मध्ये याला पुनर्विक्री किंमत राखणं म्हटलं आहे. त्यामुळे स्पर्धेला बाधा येत असेल, तर तो कायद्याचा भंग ठरतो. ऑगस्ट २०२१ मध्ये स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड केला तो याच कारणासाठी: डीलरने ठरलेल्यापेक्षा जास्त सूट द्यायची नाही, असा कंपनीचा दंडक होता आणि तो पाळला जातो का हे बघायला खोटी गिऱ्हाइकं पाठवली जात. ते प्रकरण सुरू झालं एका निनावी ईमेलवरून, आणि त्यातली तक्रार मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा या विभागातली होती. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली. पण नवीन कंपनीने एवढं लक्षात ठेवावं की करारात किमान भावाचं कलम घालण्याआधी वकिलाला दाखवावं.

भाव बांधता येत नाही, मग काय बांधता येतं? माल, वेळ आणि कामाचा मोबदला. हे तिन्ही कंपनीच्या हातात असतं.

मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो मालाचा उपाय. किराणा दुकानाला १० रुपयांचा छोटा पुडा द्या. तो ॲपला परवडतच नाही, कारण १० रुपयांच्या वस्तूसाठी मुलगा गाडी घेऊन कुणाच्या दारात जाणार? दुकानात मात्र तो सुट्ट्या पैशांच्या बदल्यात, शाळेत जाणाऱ्या पोराच्या हातात, चहाबरोबर सहज जातो. नवीन मालासाठी तर तो आणखी कामाचा, कारण ६० रुपये घालून नवी चव कुणी बघत नाही, १० घालून बघतात. ॲपला तीन पुड्यांचा घरगुती पॅक द्या. त्या गिऱ्हाइकाला महिन्याचं सामान एकदम हवं असतं. ६० चा पुडा सुरुवातीला फक्त दुकानात ठेवा. नुसतं वेष्टणाचा रंग बदलून किंवा ५ ग्रॅम कमी करून "हा वेगळा माल आहे" असं सांगू नका. दुकानदार रोज तराजूजवळ उभा असतो, त्याला ते पहिल्या दिवशी कळतं. गिऱ्हाइकालाही कळतं, आणि त्याला फसवून वितरकाला खूश ठेवण्यात काही अर्थ नाही. पॅक वेगळा काढायचा तो वेगळ्या गरजेसाठी.

वेळेचा उपाय वाटतो तितका सोपा नाही. साधारण सल्ला असा दिला जातो की दुकानांना दोन-तीन महिन्यांची आघाडी द्या, मग ॲपवर जा. माल समजावून सांगावा लागणारा असेल, तर हे बरोबर आहे, कारण समजावणारा माणूस दुकानात असतो. पण काही मालाचं गिऱ्हाईक विखुरलेलं असतं. ग्लुटेनमुक्त पीठ घ्या. तालुक्यात त्याची वीस घरं असतील, ती कुठे आहेत हे दुकानदाराला माहीत नाही. असा माल दुकानात ठेवला तर त्याची मुदत संपेल आणि नुकसान वितरकाचं होईल. तो आधी पुण्या-मुंबईत ऑनलाइन चालवून बघावा आणि कुठल्या पिनकोडवरून मागणी येते हे बघून मगच तिथल्या दुकानांत न्यावा. दोन्हींपैकी कोणतंही केलं, तरी वितरकाला ते कंपनीकडून कळलं पाहिजे, दुकानदाराच्या मोबाइलवरून कळता कामा नये. तासगावच्या शेठजींना आम्ही आधी सांगितलं असतं की महिन्याभरात हे बिस्किट ॲपवर येणार आहे, तर त्यांनी बहुधा शंभरऐवजी चाळीस दुकानं केली असती. कंपनीच्या पहिल्या महिन्याच्या आकड्याला ते टोचलं असतं, म्हणूनच तर त्यांना सांगितलं नव्हतं. हे लिहिताना मला आजही बरं वाटत नाही.

तिसरा मोबदल्याचा. मार्जिन सरसकट वाढवून हा प्रश्न सुटत नाही. वाढवलेलं मार्जिन वितरक महिनाअखेरीला होलसेलरला देऊन टाकतो आणि भाव आणखी पडतो. त्यापेक्षा कामाचे पैसे द्या. एका नव्या दुकानात माल लागला तर अमुक रुपये, त्याच दुकानाने सहा आठवड्यांत पुन्हा ऑर्डर दिली तर तमुक. न खपलेला माल ९० दिवसांच्या आत कंपनी परत घेईल, हे पत्रावर लिहून द्या आणि क्रेडिट नोट किती दिवसांत निघेल तेही लिहा. वरच्या उदाहरणात ३०० दुकानांच्या पहिल्या खेपेला दुकानामागे ४० रुपये दिले, तर कंपनीचे १२,००० जातात. ॲपवर वरच्या ओळीत दिसण्यासाठी जाहिरातीवर याहून कितीतरी जास्त सहज जातात. ॲपला ४४ ने दिलेला पुडा कंपनीला कागदावर बरा दिसतो, पण त्यातून ही जाहिरात, सवलतीतला कंपनीचा वाटा आणि परत आलेला माल वजा करून बघा. मग दोन्ही वाटांतून हातात नेमकं काय उरतं ते कळेल. सवलतीतला वाटा हा तर मोठा कळीचा मुद्दा. ॲपने स्वतःच्या खिशातून सूट दिली, तर ती थांबवणं कंपनीच्या हातात नसतं. पण ४९ च्या भावातले चार रुपये कंपनीनेच भरलेले असतील, तर वितरकापुढे "आम्ही काय करणार, ॲपचा भाव आहे" असं म्हणायला तोंड राहत नाही. पहिले तीन महिने कंपनीच्या पैशातून सूट द्यायची नाही, एवढा निर्णय तर स्वतःचा स्वतः घेता येतो.

हद्दीत माल घुसवण्याचं काय? कराडच्या वितरकाच्या हद्दीत माल कमी भावात इस्लामपूरहून आला, अशी तक्रार आली की कंपनी इस्लामपूरच्या वितरकाला नोटीस काढते. बॉक्सवर वितरकागणिक वेगळा कोड छापला, तर माल कुणाचा ते लगेच कळतं, आणि ते करावंच. पण त्या वितरकाकडे जास्तीचा माल आला कुठून? महिन्याच्या २९ तारखेला माझ्यासारख्याच कुणी अधिकाऱ्याने टार्गेट पुरं करायला तो त्याच्या गोडाऊनमध्ये लोटलेला असतो. धंद्यात याला लोडिंग म्हणतात. कंपनीने वितरकाला विकलं ती प्रायमरी, वितरकाने दुकानाला विकलं ती सेकंडरी. नव्या मालाचं टार्गेट प्रायमरीवर ठेवलं, की घुसखोरी ठरलेलीच. ते दुसऱ्यांदा ऑर्डर देणाऱ्या दुकानांच्या संख्येवर ठेवा, निम्मी घुसखोरी आपोआप बंद होते.

एवढं करूनही एक दिवस स्क्रीनशॉट येईलच. तो आला, की वितरकाला फोन त्याच दिवशी करावा, आणि फोन विक्री अधिकाऱ्याने न करता ज्याच्या हातात निर्णय आहे त्याने करावा. ही सूट ॲपची की आपल्या पैशातली, ते आधी तपासून घ्यावं आणि जे असेल ते सांगावं. आपली असेल, तर किती तारखेपर्यंत आहे तेही सांगावं. मग वितरकाच्या गोडाऊनमध्ये आणि त्याच्या दुकानांत आज किती पुडे पडून आहेत त्याची यादी मागवावी आणि तेवढ्या पुड्यांवरच्या भावफरकाची क्रेडिट नोट त्याच आठवड्यात काढावी. आमच्या कंपनीने शेठजींना ती चार महिन्यांनी दिली. तोवर त्यांनी सगळी बिस्किटं दुकानांतून परत आणून स्वतःच्या पदरचे पैसे दुकानदारांना दिले होते, आणि आमच्या पुढच्या नव्या मालाच्या बैठकीला ते आले नाहीत.